विसणाचं पाणी: कोल्हापुरातल्या एका घराचं प्रकरण

या घरात पाणी रोज उकळलं जात होतं, तेही वीस-वीस मिनिटं. तरी तीन आठवड्यांत सहापैकी चौघांना जुलाब झाले आणि धाकट्या पोराला तर दोनदा. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "पाणी उकळून पिता का?" घरातल्या वहिनींनी "हो" म्हणून सांगितलं होतं आणि ते शंभर टक्के खरं होतं. या एका खऱ्या उत्तरामुळे पुढचे पंधरा दिवस पाण्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. बाहेरचं खाणं बंद झालं, दूध बदललं, पोरांच्या नखांवरून बोलणी झाली.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. ते घर आमच्याच बाजूला, गंगावेशीच्या खालच्या अंगाला आहे. त्यांच्या परवानगीनं हे लिहितेय. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

घर आणि ते दिवस

2019 चा ऑगस्ट होता. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट. त्या वर्षी पाणी 55 फुटांच्याही वर गेलं. आमच्या गल्लीत पुराचं पाणी दोन घरं अलीकडे थांबलं, पण नळ गेले. शहराला पाणी देणारी उपसा केंद्रंच बुडाली होती. महामार्ग बंद झाल्यानं गॅसची गाडी येईना. टँकर आला की गल्लीतल्या बायका घागरी, बादल्या, कळशा घेऊन धावायच्या आणि घरातलं निळं बॅरल भरून ठेवायच्या.

घरात सहा माणसं. तात्या आणि आक्का, म्हणजे वहिनींचे सासू-सासरे. वहिनी आणि त्यांचे मालक, ते शिरोलीच्या एमआयडीसीत कामाला. नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. वहिनींचं माहेर इचलकरंजीचं. 2012 साली तिथं काविळीची मोठी साथ आली होती, माणसं गेली होती. ती साथ दूषित पाण्यातून पसरलेल्या हिपॅटायटिस ई विषाणूची होती. वहिनींनी तेव्हा शेजारचं घर रिकामं होताना पाहिलं होतं. त्यामुळे पाणी उकळण्याच्या बाबतीत त्यांचा हात धरणारं गल्लीत कुणी नव्हतं.

आजारी कोण पडलं? दोन्ही पोरं, आक्का आणि तात्या. ठणठणीत कोण राहिलं? स्वतः वहिनी आणि त्यांचे मालक.

वहिनींच्या मनाला हेच फार लागलं होतं. "हे तर कारखान्यात मिळंल ते पाणी पितात, ताई. ह्यांना काय न्हाई. आणि मी पोरांना उकळल्याबिगार घोटभर देत न्हाई, तर त्यांनाच सारखं हुतंय. माझ्या हातातच काय दोष हाय का?"

हे बोलताना त्यांचा आवाज फुटला. मी त्यांना म्हटलं, उद्या सकाळी येऊन बसते, तुम्ही रोज करता तसंच करा, माझ्यासाठी काही बदलू नका.

सकाळी सहा ते दुपारी एक

सहाला दहा लिटरचं पातेलं गॅसवर चढलं. पाणी खळखळून उकळलं आणि वहिनींनी घड्याळाकडे बघितलं. वीस मिनिटांनी गॅस बंद केला. इथं चूक काहीच नव्हती, उलट गरजेपेक्षा कितीतरी जास्तच होत होतं. पाण्याला सगळीकडून खळखळून उकळी आली की एक मिनिट पुरतं. समुद्रसपाटीपासून 2000 मीटरच्या वर राहणाऱ्यांनी तीन मिनिटं धरावीत, कारण तिथं पाणी कमी तापमानालाच उकळतं. कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे; इथं पाणी साधारण 98 अंशांना उकळतं. पाण्यातून येणारे रोगजंतू त्याच्या बऱ्याच आधी मरतात, बहुतेक जिवाणू तर 70 अंशांना काही सेकंदांतच. तरी आपण उकळीच का धरतो? कारण घरात थर्मामीटर नसतो, आणि उकळी ही डोळ्यांना दिसणारी एकमेव खात्रीची खूण आहे.

दहा लिटर पाणी उकळीला आणायला शंभर-सव्वाशे ग्रॅम गॅस जातो. पुढची वीस मिनिटं मोठ्या आचेवर ठेवलं की आणखी पन्नासेक ग्रॅम. सिलिंडर मिळत नसताना हे परवडणारं नव्हतंच, म्हणून वहिनींनी काटकसरीचा मार्ग काढला होता: दिवसातून एकदाच भरपूर उकळायचं, साठवायचं, आणि लागेल तेव्हा थोडं कोमट करून द्यायचं. विचार शहाणपणाचा होता. घोळ पुढच्या सात तासांत होता.

पातेलं ओट्यावर निवत ठेवलं. वर झाकण नव्हतं, एक फडकं होतं, "वाफ कोंडली की पाण्याला वास येतो" म्हणून. साडेआठला माठ घेतला. माठाच्या तळाशी काल रात्रीचं चार बोटं पाणी होतं. वहिनींनी बॅरलमधलं तांब्याभर पाणी घालून माठ हिसळला, पाणी मोरीत ओतलं आणि माठ तिवईवर ठेवला. मी आत हात घालून बघितलं. तळाला बोट फिरवलं की गुळगुळीत लागत होतं, शेवाळलेल्या पायरीसारखं.

मग माठाच्या तोंडावर दुहेरी पांढरं फडकं बांधलं आणि उकळलेलं पाणी त्यातून ओतलं. का, तर उकळल्यावर तळाशी पांढरा साका बसतो, तो माठात जायला नको. हा साका म्हणजे पाण्यातला चुना, तो पोटात गेला तरी काही बिघडत नाही. पण ते फडकं रोज बॅरलच्या पाण्यात खळबळून मोरीवरच्या दोरीवर वाळत घातलेलं असायचं. त्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत धड काही वाळत नव्हतं. बांधताना ते मला ओलसरच दिसलं.

साडेनऊला पोरांची वेळ झाली. वहिनींनी तांब्यानं माठातलं पाणी काढलं. तांब्या बुडवताना चारही बोटं पहिल्या पेरापर्यंत पाण्यात जात होती. लहान पातेल्यात घेऊन गॅसवर ठेवलं, मिनिटभरात बोट घालून बघितलं, जरा जास्त तापलं होतं. आणि मग, माझ्याशी बोलता बोलता, मान तिरकी करून त्यांनी बॅरलमधलं अर्धं फुलपात्र पाणी त्यात ओतलं. पुन्हा बोट घातलं. "झालं," म्हणाल्या, आणि पाणी पोरीच्या बाटलीत भरलं.

मी विचारलं, "हे काय घातलंत आत्ता?"

"कुठं काय? इसाण घातलं."

विसण. आंघोळीच्या कढत पाण्यात गार पाणी घालून ते सोसेल इतपत करायचं, त्याला आपल्याकडे विसण म्हणतात. ज्यांच्या घरी बंब होता त्यांच्या हाताला ही सवय लहानपणापासून लागलेली असते. वहिनींच्या लेखी ते 'पाणी' नव्हतंच. ती एक कृती होती, मीठ घालण्यासारखी. म्हणून "कच्चं पाणी पिता का" असं कुणीही कितीही वेळा विचारलं असतं तरी त्यांनी "नाही" असंच सांगितलं असतं, आणि त्यात तसूभर खोटं नसतं.

त्याच दिवशी दुपारी मी दुसरी गोष्ट पाहिली, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. चार वर्षांच्या पोराला अजून पातळ होत होतं. वहिनींनी ओआरएसची पुडी काढली. माठातलं पाणी, गॅसवर कोमट, विसण, आणि त्यात पुडी. जुलाबातून त्याला सावरायला जे दिलं जात होतं, ते याच वाटेनं त्याच्या पोटात जात होतं.

आजारी पडलेल्या चौघांचं कोडं मग आपोआप सुटलं. घरात कोमट पाणी पिणारे हेच चौघे होते. पोरं लहान म्हणून, आक्कांचे गुडघे धरतात म्हणून, तात्यांना खोकला म्हणून. तात्यांचा तर थर्मास होता: रात्री नऊला कोमट पाणी भरायचं, उशाशी ठेवायचं, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुरवायचं. वहिनी दिवसभर चहावर असायच्या आणि चहा उकळलेला असतो. मालक दिवसभर कारखान्यात. ज्यांची सगळ्यात जास्त काळजी घेतली जात होती, तेच आजारी पडत होते.

सहा बाटल्या

नुसतं सांगून पटणार नाही हे मला ठाऊक होतं. वहिनींना नव्हे, मलाच. म्हणून कॉलेजमधून एच-टू-एस चाचणीच्या सहा बाटल्या आणल्या. ग्रामपंचायतींत पाणी तपासायला वापरतात त्याच या. पाण्यात विष्ठेतून आलेले जिवाणू असतील तर ते हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात आणि बाटलीतलं पाणी काळं पडतं. ही प्राथमिक चाचणी आहे. ती रोगाचं नाव सांगत नाही, पण दूषित पाण्याकडे बोट दाखवते.

पहिलं पाणी बॅरलमधलं. दुसरं थेट उकळत्या पातेल्यातलं, त्याच पाण्यात उकळून घेतलेल्या ओगराळ्यानं काढलेलं. तिसरं फडक्यातून गाळलेलं, माठाला लागण्याआधी वेगळं धरलेलं. चौथं माठातलं, पाचवं तात्यांच्या थर्मासमधलं, सहावं पोरीच्या बाटलीतलं. सगळ्या बाटल्या कॉलेजच्या इन्क्युबेटरमध्ये 37 अंशांना ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॅरल, माठ, थर्मास आणि पोरीची बाटली, चारही काळ्या. डांबरासारख्या. फडक्याची बाटली त्या दिवशी संध्याकाळपर्यंत काळपटली. पातेल्यातली एकटी 48 तासांनंतरही होती तशीच, फिकट पिवळट.

सहा बाटल्या मी वहिनींच्या ओट्यावर ओळीनं मांडल्या. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग पिवळी बाटली हातात घेतली, उजेडाकडे धरली आणि म्हणाल्या, "म्हंजे माझी उकळी बरोबर हुती."

बरोबरच होती. हे मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं, कारण अशा वेळी सगळा ठपका घरातल्या बाईवर येतो. त्यांनी कष्टात कुठं कसर ठेवली नव्हती. त्यांना अर्धीच गोष्ट सांगितली गेली होती. "पाणी उकळून प्या" असं सगळे सांगतात. उकळलेलं पाणी पुढं दिवसभर कसं सांभाळायचं, हे मात्र कुणीच सांगत नाही.

टँकरचं पाणी आलं तेव्हा त्यात क्लोरीन होतं. क्लोरीन नुसते असलेले जंतू मारत नाही, थोडा शिल्लक राहून पुढं येणाऱ्यांनाही अडवतो. तो पाण्याचा राखणदार आहे, म्हणून नळाच्या पाण्यात घरापर्यंत लिटरला निदान 0.2 मिलिग्रॅम तरी शिल्लक असावा असा दंडक आहे. पण उघड्या बॅरलमध्ये दोन-तीन दिवसांत तो उडून जातो, आणि पाणी उकळलं तर काही मिनिटांतच. मी बॅरलच्या पाण्याची ओटी (ऑर्थोटोलिडिन) चाचणी केली; क्लोरीन असेल तर त्यात पाणी पिवळं होतं, पण पिवळा रंग आलाच नाही. म्हणजे उकळलेलं पाणी त्या घटकेला अगदी स्वच्छ असतं आणि त्याच घटकेपासून उघड्यावर पडलेलं असतं. एक बोट, एक ओलं फडकं, अर्धं फुलपात्र विसण, काहीही आलं तरी त्याला अडवणारं आत कुणी नसतं.

नक्की कोणत्या जंतूनं त्या चौघांना आजारी पाडलं, ते या बाटल्यांवरून सांगता येत नाही. शौचाची तपासणी झालेली नव्हती. पण वाट कोणती होती, एवढं त्यांनी दाखवलं.

पुन्हा गरम करण्याबद्दल

तात्यांनी पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं, "दोनदा उकळलेलं पाणी मेलेलं असतं, पोरी. त्यात काय राम राहत न्हाई." म्हणून घरात माठातलं पाणी पुन्हा उकळायचं नाही, नुसतं कोमट करायचं, असा नियमच होता.

तात्यांच्या म्हणण्यात एक खरी गोष्ट आहे. उकळल्यावर पाण्यात विरघळलेली हवा निघून जाते आणि चव सपक लागते. पण आपण श्वास नाकानं घेतो, पाण्यातल्या हवेवर जगत नाही. दोन स्वच्छ भांड्यांत चार वेळा वरून खाली ओतलं की चव परत येते. पुन्हा उकळल्यानं पाण्यात नवीन विष काही तयार होत नाही. पाणी आटतं तेवढे आतले क्षार दाट होतात, एवढंच. दहा लिटरचं नऊ झालं तर क्षार एक नवमांश वाढले. साध्या पाण्यात त्यानं काही होत नाही. पण ज्या बोअरच्या पाण्यात नायट्रेट जास्त आहे तिथं हे लक्षात ठेवावं. नायट्रेट, आर्सेनिक, जड धातू यांतलं काहीही उकळून जात नाही, उलट आटवलं की दाट होतं. अशा ठिकाणी झाकण ठेवून उकळावं आणि उकळी आल्यावर मिनिटभरात उतरवावं. पिण्याला दुसरं पाणी मिळालं तर सगळ्यात बरं.

खरा धोका कोमट करण्यात आहे. बोटाला सोसेल असं पाणी म्हणजे साधारण 40 अंश. आपल्या पोटातली उष्णता 37. पोटात राहायला सरावलेल्या जंतूंना ही ऊब मानवते, मारत नाही. तेव्हा वाटा दोनच. पाणी उकळल्यापासून झाकलेलं आहे, त्यात काही बुडलेलं नाही, तर ते पुन्हा उकळायची गरज नाही. प्यायला आवडेल तितकंच तापवा. आणि जरा जरी शंका असेल, तर अर्धवट तापवू नका, पुन्हा खळखळून उकळी आणा. तापवून 'बघितलं' म्हणजे जंतू मारले, हा समज त्या घरात पक्का बसला होता आणि तो मला सगळ्यात घातक वाटला.

थर्मासचंही तेच. त्यात कोमट पाणी भरून पंधरा तास ठेवणं म्हणजे त्याला उबेत ठेवणं. उकळतं पाणी भरा, आधी त्याच उकळत्या पाण्यानं थर्मास आतून हिसळून घ्या, आणि सकाळी उरलेलं ओतून द्या.

शेजारच्या दोन घरांतून सोलरचं गरम पाणी प्यायला घेतात हेही मला याच निमित्तानं कळलं. "गरमच असतंय की, गॅस वाचतो." सोलरच्या टाकीतलं पाणी वरच्या टाकीतून आलेलं असतं आणि दिवसेंदिवस तिथंच राहतं. आषाढ-श्रावणात तर ते धड तापतही नाही. आंघोळीला घ्यावं, भांड्यांना घ्यावं. प्यायला घ्यायचं तर त्याला नळाच्या पाण्यासारखीच पूर्ण उकळी आणावी.

काय बदललं

वहिनींना मी वीस सूचना दिल्या असत्या तर त्यातली एकही टिकली नसती. त्यांच्या हाताची सवय न मोडता काय करता येईल ते आम्ही दोघींनी ओट्यापाशी उभं राहून ठरवलं.

गाळणं उकळण्याच्या आधी आणलं. फडकं तेच, क्रम उलटा.

माळ्यावर एक जुना स्टीलचा फिल्टर पडला होता, कँडल फुटलेला. त्याचं खालचं तोटीचं भांडं घासून उकळत्या पाण्यानं धुतलं आणि तोटीतूनही उकळतं पाणी सोडलं. आता उकळलेलं पाणी गरम असतानाच थेट त्यात जातं, झाकण बसतं, आणि तोटीतूनच बाहेर येतं. रात्री उरलेलं पाणी झाडांना आणि भांड्यांना. जुन्यावर नवं ओतायचं नाही. ज्यांच्याकडे तोटीचं भांडं नाही त्यांनी ज्या पातेल्यात उकळलं त्यातच झाकून ठेवावं आणि लांब दांड्याचं ओगराळं वापरावं, ते खिळ्याला टांगून. भांडं जितक्या वेळा बदलाल तितक्या वेळा दार उघडतं.

उकळी वीस मिनिटांवरून दोन मिनिटांवर आणली. एका मिनिटाचं सांगितलं होतं, दुसरं मिनिट वहिनींनी इचलकरंजीच्या आठवणीसाठी ठेवलं. मी काही म्हटलं नाही. वाचलेल्या गॅसवर दुसऱ्या वेळचं पाणी उकळून होतं.

विसण बंद करा, असं मी सांगितलंच नाही. कढत पाण्यात गार पाणी घालणारा हात थांबणार नव्हता, आणि थांबायची गरजही नव्हती. त्यांच्याकडे दुधाची स्टीलची किटली होती, अरुंद तोंडाची, झाकणाची. सकाळच्या उकळलेल्या पाण्यातलं दोन लिटर त्यात वेगळं काढून गार करायला ठेवायचं. विसण घालायचं तर त्यातलंच. किटलीतून पाणी ओततात, त्यात कुणी तांब्या बुडवत नाही. तिसऱ्या दिवशी मी गेले तर आक्का पोराला सांगत होत्या, "किटलीला हात लावायचा न्हाई, ती इसाणाची हाय."

माठाचं वाईट आक्कांना फार वाटलं. उकळलेलं पाणी माठात ठेवू नये असं नाही. पण माठ आतून घासता येत नसेल, हात घालूनच पाणी काढायचं असेल आणि घरात कुणी आजारी असेल, तर तो काही दिवस उन्हात पालथा असलेला बरा. पुढं त्यांनी बापट कॅम्पातून तोटीचा नवा माठ आणला, आणि तो आठवड्यातून दोनदा रिकामा होऊन वाळतो. तात्या सकाळी तांब्याच्या कळशीतलं पाणी पितात. तांब्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातले काही जंतू मरतात हे प्रयोगांत दिसलंय. पण ते पाणी मुळात उकळलेलंच असावं आणि कळशी आतून लख्ख असावी, एवढं त्यांनी माझं ऐकलं.

आठवड्यानं मी पुन्हा चार बाटल्या लावल्या: तोटीचं भांडं, किटली, थर्मास, पोरीची बाटली. पोरीच्या बाटलीचं बूच काळं निघालं. म्हणजे पाणी काळं पडलं, आणि शोधता शोधता बुचातल्या रबरी चकतीखाली बोळाभर चिकट मळ सापडला. बूच बदललं. बाकी तिन्ही पिवळ्या राहिल्या. गणेश चतुर्थी 2 सप्टेंबरला होती, तोवर घरात कुणाला पुन्हा त्रास झाला नव्हता. पूर ओसरला होता, नळ सुरळीत झाले होते, त्यामुळे सगळं श्रेय किटलीला देता येणार नाही. पण गौरीला गेले तेव्हा घरभर पाहुणे होते, आणि वहिनी तोटीखाली एकेक पेला धरून प्रत्येकाला स्वतः पाणी देत होत्या.

2021 च्या जुलैत पंचगंगा पुन्हा धोक्याच्या वर गेली आणि पुन्हा टँकर सुरू झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींचा फोन आला.

"ताई, पाणी लई गढूळ हाय. तुरटी आधी का उकळी आधी?"

"तुरटी आधी. बसू दे, वरचं निवळ घ्या, गाळा, मग उकळा."

"आणि उकळीनंतर काय न्हाई न्हवं?"

"काही नाही. झाकण."

पलीकडे भांड्याचा आवाज आला. "किटलीत परवाचं इसाण हाय," त्या म्हणाल्या. "ते वतून देते आणि ताजं भरते."